चावंडची शिबंदी आणि घोडेगावचा खजिना

१८१८ च्या मे महिन्याच्या आरंभी मेजर एल्ड्रिज याची इंग्रजी तुकडी जुन्नरच्या पश्चिमेला चावंडच्या पायथ्याशी आली. उखळी तोफांचा मारा झाला आणि किल्ल्यावरच्या शिबंदीने दुसऱ्या दिवशी चावंड खाली करून दिला. लगेच पाठोपाठ नाणेघाटावर नजर ठेवणारा जीवधन लढाईवाचून गेला. जुन्नर शहर आणि शिवनेरी त्याआधीच हातचे गेले होते. सरकारी कागदांत ही हकीगत चार-पाच ओळींत संपते: किल्ल्याचे नाव, तारीख, अधिकारी, तोफा. किल्ला उतरून खाली आलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याला त्या ओळींत जागा नाही.

पण त्यांची गोष्ट हरवलेली नाही. ती वेगवेगळ्या कागदांत विखुरली आहे: सभासदाच्या बखरीत, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात, कॅप्टन मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर लिहिलेल्या १८३६ च्या टिपणात आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरच्या ‘बंडाळी’ सांगणाऱ्या पानांत. हे कागद शेजारी ठेवून वाचले की जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली चाळीस-पन्नास वर्षांची ‘बंडाळी’ बऱ्याच अंशी पगाराचा वाद होती असे दिसू लागते. पगार देणाऱ्याची बाजू सविस्तर लिहिलेली आहे. घेणाऱ्याची बाजू त्याच कागदांच्या फटींतून वाचावी लागते.

आधी पगार कसा होता ते पाहू. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बसून शिवाजी महाराजांच्या लष्कराचे दर दिले आहेत. घोडदळातल्या जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन आणि पालखी, हजारीला हजार होन, पंचहजारीला दोन हजार. पायदळातल्या जुमलेदाराला शंभर होन, त्याच्या सबनिसाला चाळीस, हजारीला पाचशे. होन म्हणजे साडेतीन ते चार रुपये धरला तर पायदळाच्या जुमलेदाराचे वर्षाचे उत्पन्न साडेतीनशे-चारशे रुपयांवर जाते. या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे त्यांच्या मागचे धोरण आहे. तैनात रोख द्यायची, हुजुरातून किंवा सुभ्यावर वरात देऊन द्यायची, पण गाव तोडून द्यायचे नाही. गाव दिले की रयत दुबळी होते आणि शिपाई जमीनदार होतो, हा त्यामागचा विचार होता. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रातही सेवकाचे वेतन ठरलेले असावे, वेळेवर मिळावे आणि कामगिरीच्या बक्षिसापोटी वतने वाटू नयेत, हाच आग्रह आहे. चोख पगार घेणाऱ्या माणसाकडूनच चोख काम मागता येते, हे सतराव्या-अठराव्या शतकातल्या आपल्या राज्यकर्त्यांना पुस्तक न वाचता समजले होते.

मात्र हे दर जुन्नरच्या किल्ल्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, पण त्यांच्या हयातीत शिवनेरी मोगलांकडेच राहिला. मराठ्यांच्या हाती तो पक्का आला अठराव्या शतकाच्या मध्यावर, पेशव्यांच्या काळात. तोपर्यंत रोख तैनातीचे धोरण सैल झाले होते आणि सरंजामाने पुन्हा डोके वर काढले होते. गडावर सबनीस आणि कारखानीस होते, नाईकवाडी होते, हजेरी होत होती. पण पायथ्याच्या मेटांवर आणि घाटचौक्यांवर पहारा देणाऱ्या कोळी, रामोशी, महार कुटुंबांची मिळकत अनेक ठिकाणांहून थोडी थोडी येत असे: काही नख्त, काही धान्य, काही जमीन, काही गावांकडून हक्क. एका कागदावर ज्याची बेरीज दिसत नाही अशी ही मिळकत होती. नवे सरकार आल्यावर नेमके हेच त्या माणसांना नडले.

या डोंगरातल्या हिशेबाचा सर्वांत जुना पुरावा नाणेघाटातच आहे. सातवाहनांच्या काळातल्या तिथल्या लेखात यज्ञांची दक्षिणा मोजून लिहिली आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. लेख बराच झिजला आहे. पण जेवढा वाचता येतो त्यात पुरोहितांना काय दिले ते आहे; घाट राखणाऱ्यांना काय मिळे ते नाही.

पेशवाईच्या काळात पगाराचा वाद कसा पेटे, याचे उदाहरण याच पट्ट्यातले आहे. महादेव कोळ्यांचे नाईक पेशव्यांच्या डोंगरी बंदोबस्तात चाकरीला होते. हिराजी बांबळे हा असाच एक नाईक. तो गेल्यावर मुलगा जावजी याला बापाची जागा मिळाली नाही आणि तो डोंगरात शिरला. गॅझेटियर त्याच्या बंडाचा आरंभ १७६० च्या सुमाराला धरते आणि ते वीसेक वर्षे चालले असे सांगते. त्याच्यावर पाठवलेल्या सरदारांना त्याने हरवले. अखेर नाशिकचे सुभेदार धोंडो गोपाळ यांच्या सल्ल्याने त्याने आपल्या ताब्यातले किल्ले तुकोजी होळकरांच्या हवाली केले. होळकरांच्या रदबदलीने त्याला माफी मिळाली आणि वर साठ गावांच्या लष्करी व पोलिसी बंदोबस्ताचा अधिकार मिळाला. १७९८ मध्ये रामजी भांगरे उठला. तो हाती लागेना, तेव्हा सरकारने त्यालाही माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर मोठी जागा दिली.

इंग्रज लेखक याला पेशवाईचा दुबळेपणा म्हणतात. मला त्यात एक जुना व्यवहार दिसतो. हक्काची जागा गेली की नाईक डोंगरात जाई, आणि तिथून त्याचे सरकारशी बोलणे सुरू होई. लष्करातही धरणे हा असाच मान्य झालेला मार्ग होता. बाकी चढली की शिपाई सरदाराच्या डेऱ्यासमोर बसत आणि त्याला अन्नपाणी घेऊ देत नसत. शिंद्यांच्या छावणीत १८०९ मध्ये राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत अशी धरणी वर्णन केली आहेत. या व्यवस्थेची किंमत मात्र रयतेला मोजावी लागे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची बाकी भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याने १७९८ च्या सुमारास पुण्याच्या सावकारांवर आणि कारभाऱ्यांवर जो जुलूम केला, तो पुणे पुढे कित्येक वर्षे विसरले नाही. मुलकी चाकरीची गतही तीच होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. जास्त बोली बोलणाऱ्याला परगणा मिळे. तो पोटमक्ते देई. आणि शेवटच्या मक्तेदाराचा ‘पगार’ कुळाच्या खळ्यावर वसूल होई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आहे आणि ती रास्त आहे.

त्याच एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता. वतने, इनामे, वर्षासने, धर्मादाय चालू राहतील. मक्त्याची पद्धत बंद होईल. बाजीरावाच्या चाकरीतल्या माणसांनी दोन महिन्यांच्या आत चाकरी सोडून घरी जावे. आता तारखा जुळवून पाहाव्यात. दोन महिन्यांची मुदत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. चावंडच्या शिबंदीने किल्ला सोडला मेच्या पहिल्या आठवड्यात. आपल्या धन्याच्या किल्ल्यावर तीन आठवडे जास्त टिकून राहिलेली ही माणसे जाहीरनाम्याच्या अक्षरानुसार मुदतीबाहेर गेली. इमानाने पहारा केला, हाच त्यांचा कसूर ठरू शकत होता.

याच्या शेजारी त्याच उन्हाळ्यातला दुसरा एक हिशेब ठेवावा लागतो. ३ जून १८१८ रोजी, म्हणजे चावंड पडल्यावर महिन्याभरात, बाजीरावाने कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम याच्यापुढे शरणागती पत्करली. माल्कमने त्याला सालीना आठ लाख रुपये कबूल केले. ही रक्कम फार आहे अशी टीका कंपनीच्या वरिष्ठांतच झाली. माल्कमने तिचे समर्थन केले आणि ती कायम राहिली. बाजीराव ब्रह्मावर्ताला राहून १८५१ मध्ये वारेपर्यंत ती घेत होता. शरणागतीच्या त्याच दिवसांत त्याच्या छावणीतल्या अरबांनी चढलेल्या पगारासाठी त्याला घेरले. बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याने चाकरीला ठेवल्यापासूनचा पगार त्यांना हवा होता. बाजीराव म्हणत होता की ते आपल्याकडे आले तेव्हापासूनचाच देईन. माल्कम मध्ये पडला आणि वाद मिटवला. म्हणजे पदच्युत पेशव्याला वर्षाचे आठ लाख ठरले, आणि हत्यार घेऊन तंबूभोवती उभ्या राहिलेल्या अरबांचे ऐकून घेतले गेले. चावंड, जीवधन, हडसरच्या शिबंदीचे म्हणणे ऐकायला कोणी माल्कम बसला नाही.

कंपनीच्या दृष्टीने निर्णय सरळ होता. डोंगरी किल्ल्यांचा आता उपयोग नव्हता, उलट ते बंडखोरांच्या हाती पडण्याची भीती होती. म्हणून वाटा तोडल्या. चावंड-जीवधनच्या फोडलेल्या पायऱ्यांवरून आजही जपून चढावे लागते. किल्ला नको तर शिबंदी कशाला, असे म्हणून गडांवरची माणसे कमी केली गेली. कागदावर ही काटकसर होती. पण ज्या घरांत तीन-चार पिढ्या पहाऱ्यावर गेल्या, त्या घरांना भीमाशंकर-हरिश्चंद्रगडाच्या उतारांवरची नाचणी-वरीची शेती हेच एक साधन उरले. आणि त्या शेतीवरही नव्या सरकारचा रोख सारा होता.

हा सारा ठरवणाऱ्या मुलकी नोकरांचा पगारही या गोष्टीत येतो. १८३० च्या आसपास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमाबंदी लागू झाली. मोजणीच्या खालच्या कामगारांनी लाच घेऊन चांगली जमीन हलकी आणि हलकी जमीन चांगली लिहिली, वसुलीसाठी रयतेला मारहाण झाली, आणि ती जमाबंदी सरकारला सोडून द्यावी लागली. पोटाला पुरेसे न देता माणसाच्या हाती मोजपट्टी आणि दप्तर दिले तर काय होते, हे पुणे जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

त्याच सुमाराला कंपनीच्या आतही पगारावरून मोठे भांडण पेटले होते. पहिल्या ब्रह्मी युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती. १८२४ च्या नोव्हेंबरात बराकपूरच्या ४७ व्या पलटणीच्या शिपायांनी सामान वाहण्याच्या बैलांचा खर्च आणि दुप्पट भत्ता यांची मागणी केली, तेव्हा कवायतीच्या मैदानावर त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. चार वर्षांनी, १८२८ मध्ये, गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बंगालमधल्या काही छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा भत्ता निम्मा केला. अधिकाऱ्यांनी निषेधाचे अर्ज लिहिले, वर्तमानपत्रांत पत्रे छापली, सरसेनापती त्यांच्या बाजूने बोलला. हुकूम फिरला नाही, पण कोणा अधिकाऱ्यावर तोफही डागली गेली नाही. मला हा फरक फार बोलका वाटतो. पगार कमी झाल्याची तक्रार तिघांची: बराकपूरच्या शिपायाची, बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्याची आणि जुन्नरच्या डोंगरातल्या कोळ्याची. अर्ज करून सुरक्षित घरी जाण्याची सोय फक्त मधल्याला होती.

कोळ्यांनी मग दुसरे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले. दक्षिणेला पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकाच्या रामोशांनी सरकारला जेरीस आणले होते. १८२७-२८ मध्ये सरकारने नमते घेतले. माफी दिली, जमिनी दिल्या, रामोशांना डोंगरी पोलीस म्हणून चाकरीला ठेवले. या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता तोच माल्कम. रामोशांना जे मिळाले ते आपल्यालाही त्याच मार्गाने मिळेल, असा विचार कोळ्यांनी केला, असे गॅझेटियर स्वतः सांगते. जावजी बांबळ्याची आठवण अजून ताजी होती, तेव्हा हा हिशेब वेडगळ नव्हता. पण या वेळी तो चुकला. कॅप्टन मॅकिंटॉश आणि इतर अधिकाऱ्यांनी डोंगराची नाकेबंदी केली. नाईक रामा किरवे पकडला गेला आणि अहमदनगरला त्याला फाशी झाली. कोळ्यांविषयीची आपली बरीचशी माहिती या मोहिमेवर गेलेल्या मॅकिंटॉशच्याच टिपणातून येते. त्याने जुन्या हकीगती कष्टाने गोळा केल्या, त्याबद्दल कृतज्ञ राहावे. ज्यांना त्याने पकडले त्यांच्याच तोंडून त्या आल्या, हेही वाचताना लक्षात असावे.

१८३९ मध्ये वाद खजिन्यापर्यंत आला. सह्याद्रीच्या कडेच्या गावांवर कोळ्यांच्या टोळ्या येऊ लागल्या, इतर जातींची माणसे त्यांना मिळाली आणि संख्या तीन-चारशेवर गेली. भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे हे पुढारी. गॅझेटियर या तिघांनाही ब्राह्मण म्हणते. जाधव हे आडनाव पाहता नाव किंवा जात यांपैकी काहीतरी इंग्रजीत उतरताना बदलले असावे. या पुढाऱ्यांनी आपण पेशव्यांच्या वतीने कारभार हाती घेत आहोत असे जाहीर केले. पेशवा तिकडे ब्रह्मावर्ताला आठ लाखांवर होता. इकडे त्याचे नाव घेणाऱ्यांना वीस वर्षांत काही मिळाले नव्हते.

सहायक कलेक्टर रोझ याने घोडेगाव गाठले. तिथे महालकऱ्याची कचेरी आणि खजिना होता. सुमारे दीडशे जणांनी रात्रभर हल्ले केले, पण खजिना त्यांच्या हाती लागला नाही. पुढे टोळी फुटली, चौपन्न जणांवर खटले चालले आणि त्यांतले रामचंद्र गणेश गोरे व एक कोळी यांना फाशी झाली. गोऱ्यांचे संपूर्ण नाव गॅझेटियरमध्ये आहे. त्यांच्याबरोबर फासावर गेलेल्याची फक्त जात आहे.

घोडेगावच का? पंचक्रोशीतला सारा जिथे जमा होई आणि सरकारी चाकरांचा पगार जिथून वाटला जाई, ती ही एकच जागा. सावकाराचे घर लुटणे आणि महालाच्या खजिन्यावर रात्रभर चालून जाणे यांत फरक आहे. पेशव्यांच्या नावाने राज्य चालवू पाहणाऱ्यांना आधी खजिना लागतो, कारण तीन-चारशे माणसांना काहीतरी द्यावे लागते. हा माझा तर्क आहे, पण त्यांच्या घोषणेशी तो जुळतो.

त्यानंतरचे राघोजी भांगऱ्याचे बंड पुष्कळांना माहीत आहे. १८४४ पासून नगर, पुणे, ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरांत ते पसरले. त्यात सावकारी कर्जाचा राग पगाराच्या तक्रारीहून वर आला. २ जानेवारी १८४८ ला राघोजी पंढरपुरात सापडला आणि ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली.

मग १८५७ उजाडले आणि ज्या सरकारने चाळीस वर्षांपूर्वी पहारेकऱ्यांना घरी बसवले होते, त्याला एकाएकी डोंगर जाणणारी माणसे हवी झाली. कॅप्टन नटॉलने सहाशे महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. तिच्यात मानाच्या जागी बांबळे कुळाचा नाईक होता आणि त्याचे नावही जावजीच होते. भिल्लांच्या उठावाविरुद्ध आणि नाशिक-नगरच्या डोंगरात ही पलटण लढली. नियमित पगार, कवायत आणि मान मिळाल्यावर ती शिस्तीने वागली. एरवी ज्या बंडाळीच्या अग्रभागी ही माणसे असत, ती मोडायला त्यांचाच उपयोग झाला, अशी कबुली गॅझेटियरकारांनी स्वतः दिली आहे. १८१८ च्या निर्णयावर सरकारच्या बाजूच्या लेखकाने दिलेला याहून स्पष्ट शेरा मला दुसरीकडे सापडत नाही.

मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. काही थोडे पोलिसांत घेतले गेले. बाकीच्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि जुन्नर, खेड, अकोले, नाशिक या भागांतल्या आपल्या शेतांवर व मजुरीवर परतले. आजचा आंबेगाव तालुका तेव्हा खेडमध्येच होता.

बारा वर्षांनी, १८७३ मध्ये, जांभोरीचा होन्या केंगले उठला. त्याला धरून देणाऱ्यासाठी सरकारने एक हजार रुपये इनाम लावले. तेव्हाच्या देशी पलटणीतल्या शिपायाला महिना सात रुपये मिळत. त्या हिशेबाने हे जवळजवळ बारा वर्षांचे वेतन होते.